लेलेकाकांनी गिळलेला नमुना

आमच्या घरात वस्तू लावायच्या दोन रीती होत्या. आई दिसण्यावरून लावायची आणि दादा, म्हणजे माझे वडील, जागेवरून. आईच्या फळीवर पांढरं पांढऱ्याशेजारी, पिवळं पिवळ्याशेजारी. त्यामुळे रवा, पिठीसाखर आणि खाण्याचा सोडा एका रांगेत सुखाने नांदायचे आणि वर्षातून एकदा तरी शिऱ्यात सोडा पडायचा. दादांचं उलट. वस्तू कशी दिसते याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, ती कुठे आहे हे त्यांच्या हाताला माहीत असलं की झालं. अंबरनाथच्या फॅक्टरीत ते तपासणी खात्यात होते. सकाळचा भोंगा झाला की आंघोळ, दुसरा झाला की चहा आणि तिसऱ्याला सायकल फाटकाबाहेर. चष्मा, किल्ली, रुमाल या वस्तू ते न बघता उचलायचे, आणि आईने त्या 'नीट' लावून ठेवल्या की चष्म्याऐवजी अडकित्ता घेऊन कामावर जायचे. एकदा खरंच गेले होते.

दादांना होमिओपथीचा नाद होता. नाद म्हणजे साधासुधा नव्हे, सगळी कॉलनी त्यांच्या गोळ्यांवर वाढली. फॅक्टरीतल्या सुताराकडून त्यांनी एक लाकडी पेटी करून घेतली होती, आत खाचा, प्रत्येक खाचेत करंगळीएवढी काचेची बाटली. बाटल्या उल्हासनगरहून, कॅम्प तीनच्या एका सिंधी दुकानदाराकडून घाऊक यायच्या. काही बाटल्यांत साबुदाण्यासारख्या गोळ्या, काहींत पाण्यासारखा अर्क. चिठ्ठ्या होत्या, पण दादांनी त्या कधी वाचल्या नाहीत. पहिली ओळ सर्दीखोकला, दुसरी पोट, तिसरी मन. पोटाच्या ओळीतली डावीकडून अमुक बाटली म्हणजे उचकी, हे त्यांच्या बोटांना पाठ. रोगी बरा झाला तर औषधाने, नाही झाला तर कच्चा कांदा खाल्ल्याने. या शास्त्रात हार नावाची गोष्टच नव्हती.

मी तेव्हा उल्हासनगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते आणि डोक्यात पतंगांनी घर केलं होतं. म्हणजे दिव्यावर येतात ते पतंग, उडवायचे नव्हेत. हे आजही प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं. डोक्यात ते सोडले केवलरामानी मॅडमनी. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, साडीला कायम डांबरगोळ्यांचा वास. मॅडमनी आयुष्य एका भुरकट, कोणी ढुंकून बघणार नाही अशा पतंगांच्या कुळावर घालवलं होतं. कोण कोणाचा सख्खा, कोण चुलत, कोण नुसता सारखा दिसणारा उपटसुंभ, हे ठरवणं त्यांचं काम. मराठी, हिंदी, सिंधी सगळं एका वाक्यात बोलायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्यापुढे दोन पतंग ठेवले, हुबेहूब सारखे, आणि विचारलं, भाऊ आहेत का? आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं. मग त्यांनी जे वाक्य सांगितलं ते मी पुढे माझ्या विद्यार्थ्यांना इतक्या वेळा ऐकवलं की मुलं मागून माझी नक्कल करायची. "पंख पे मत जाना, बेटा. पंख झूठ बोलते हैं."

खरं कुठे असतं? तर पोटाच्या टोकाला. आता इथे मी वयाचा फायदा घेऊन सरळ सांगते. नर पतंगाची जननेंद्रियं प्रत्येक जातीत निराळी असतात. कोणाला आकडा, कोणाला चिमटा, कोणाला काट्यांची झालर. पंखांचा रंग झाडाच्या सालीसारखा झाला की पक्ष्यापासून जीव वाचतो, म्हणून लांबलांबच्या कुळांतले पतंगही सारखेच भुरके होऊन बसतात. आतले अवयव मात्र घराण्याची ओळख सांभाळून ठेवतात. म्हणून पतंगाचं पोट काढायचं, कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करायचं, स्वच्छ धुवायचं, टोकाचा तो तिळाच्या निम्माही नसलेला भाग वेगळा करायचा आणि ग्लिसरीनमध्ये ठेवायचा. मी नेमकं काय करते असं आईने विचारलं तेव्हा मी "पतंगांचा अभ्यास" एवढंच सांगितलं होतं. ती शेजारणींना फुलपाखरांचा म्हणून सांगायची. तिला ते जरा बऱ्या घरचं वाटायचं.

त्या वर्षी आमची सहल अंबरनाथच्याच जुन्या शिवमंदिराला गेली होती. बाकीच्या मुली नंदीजवळ उभ्या राहून फोटो काढत होत्या आणि मला मागच्या बाजूला एका दगडावर एक पतंग दिसला. राखेच्या रंगाचा, नखाएवढा. मॅडमनी तो भिंगाखाली धरला, चष्मा पुसला आणि पुन्हा धरला. पंख सांगत होते एक कूळ, मिशा सांगत होत्या दुसरंच. असला त्यांनी पाहिला नव्हता. दिवाळीची सुट्टी तोंडावर होती, कॉलेजला कुलूप लागणार होतं. मॅडम म्हणाल्या, याचं पोट तूच काढ, घरी, सावकाश. सुट्टीनंतर इथल्या सूक्ष्मदर्शकाखाली चित्र काढू. काम नीट जमलं तर पुढे दोन वर्षं तू माझ्याकडे. त्यांच्याकडे एकाच विद्यार्थ्याला जागा असे. आणि माझ्या घरचा करार मॅडमना कुठे ठाऊक होता? दादांनी सांगून ठेवलं होतं की मॅडमनी घेतलं तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही, नाही घेतलं तर आईने बघितलेलं स्थळ बघायचं. सारांश, माझं सगळं नशीब त्या निम्म्या तिळावर टेकलेलं होतं.

काम जमलं. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण फार सुरेख जमलं. घरच्या भिंगातून बघितलं तर टोकाला एक दुहेरी आकडी, माझ्या माहितीतल्या कुठल्याच पतंगाला नव्हती अशी. आनंदाने मी दोन चकल्या जास्त खाल्ल्या. प्रश्न होता तो ठेवायचा कुठे. बाटली उभी राहायला हवी, कलंडायला नको. घरात त्याला एकच जागा होती, दादांची पेटी. मी विचारलं, दादांनी मोठ्या मनाने शेवटची ओळ माझ्या नावे केली. माझी बाटली, शेजारी सरावाच्या दोनतीन, प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. दादांची बोटं शेवटच्या ओळीकडे जाणार नाहीत याची मला खात्री होती, कारण दादांची बोटं कधी चुकत नसत. खात्री बरोबर होती. फक्त आईचा हिशेब राहिला होता.

कारण दरम्यान आईने तिचं स्थळ बोलावलं. करार मॅडमच्या उत्तरानंतरचा होता, तर आई म्हणाली, नुसतं बघायला काय हरकत आहे, बघून कोणी झिजत नाही. बदलापूरचे, तिथल्या कुळगावातले लेले. मुलगा रासायनिक कारखान्यात इंजिनीअर, वडील कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. माणसं येणार म्हणून आईने घर घासूनपुसून काढलं आणि त्या झपाट्यात दादांची पेटीही. सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या, ओल्या फडक्याने पुसल्या, दोरे आणि चिठ्ठ्या कळकट दिसतात म्हणून सोडून टाकल्या, आणि मग स्वतःच्या रीतीने परत लावल्या. गोळ्यांच्या गोळ्यांबरोबर, पाण्याच्या पाण्याबरोबर. पाण्याच्या दिसायला छान म्हणून पुढे. मॅडमनी वर्गात जी चूक करू नका म्हणून सांगितलं होतं ती आईने पेटीत करून ठेवली, आणि वर मला म्हणाली, बघ, तुझ्या त्या किड्यांच्याही पुसल्यात हो. मी साडीच्या निऱ्यांशी झगडत होते. 'किड्यांच्याही' कानावरून गेलं, डोक्यात शिरलं नाही.

लेले आले. काका उंच, ताठ, बंद गळ्याचा कोट. दर वाक्याआधी साक्षीदाराकडे बघावं तसं समोरच्याकडे बघायचे. काकू गप्प, पण डोळे घरभर. मुलगा बिचारा सालस होता, त्याने मान खाली घालून पोहे खाल्ले आणि पुन्हा मागितले. मला पोहे करता येतात का हे विचारायच्या ऐवजी काकांनी विचारलं, कोणी केलेत? मी खरं सांगितलं, आईने. आईने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. पोहे खमंग होते, पण त्या दिवशी आईचं सगळं लक्ष फाटकाकडे होतं आणि मिरच्या दुप्पट पडल्या होत्या. दुसऱ्या घासाला काकांना उचकी लागली.

साधी उचकी नव्हे. पाणी प्यायले, साखर खाल्ली, श्वास कोंडला, मुलाने पाठीवर थापट्या मारल्या. उचकी कोर्टाच्या पुकाऱ्यासारखी ठरावीक वेळाने येतच राहिली. दादांच्या चेहऱ्यावर तेज आलं. लेकीचं स्थळ बाजूला राहिलं, समोर रोगी बसला होता. ते उठले, पेटी आणली, मांडीवर घेतली आणि न बघता, काकांना त्यांच्या झोपेबद्दल प्रश्न विचारत विचारत, पोटाच्या ओळीतली बाटली उचलली. काकांना जीभ बाहेर काढायला सांगितली आणि बाटली उपडी केली. काका म्हणाले, गोड आहे. दादा म्हणाले, असणारच. काकांनी वर घोटभर पाणी घेतलं, आणि उचकी थांबली. जादूसारखी थांबली. काकू पहिल्यांदा हसल्या. आईने मनातल्या मनात मांडव घातला असणार.

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा दादांच्या हातात ती बाटली होती. पेटीच्या शेवटच्या ओळीत गोळ्या होत्या आणि पुढच्या ओळींत माझ्या सरावाच्या बाटल्या दिमाखात उभ्या होत्या. माझी खास बाटली मला कुठेही ओळखू आली असती, तिच्या बुडाला काचेचा एक बुडबुडा होता. दादांच्या अंगठ्यापाशी मला तो बुडबुडा दिसला. बाटली रिकामी होती. मी ट्रे खाली ठेवला, आतून भिंग आणलं, आणि काकांच्या समोर जमिनीवर गुडघे टेकून बसले. सगळ्यांना वाटलं नमस्कार करतेय. काकांनी आशीर्वादाला हातही उचलला.

"काका," मी म्हटलं, "गिळू नका. आ करा."

माणूस कोर्टात जन्म काढलेला, हुकूम पाळायची सवय. त्यांनी आ केला. मी जिभेवर बघितलं, जिभेखाली बघितलं, दाढांच्या फटींतून बघितलं. खोबऱ्याचा कीस होता, कोथिंबीर होती, माझी दुहेरी आकडी नव्हती. मला त्या क्षणी रडू आलं, आणि खोटं का बोलू, ते काकांच्या प्रकृतीच्या काळजीने नव्हतं. ग्लिसरीनने कोणाला काही होत नाही आणि पोटॅशचा अंशही मी ठेवला नव्हता. माझी दोन वर्षं काकांच्या घशाखाली उतरली होती, त्याचं ते रडू होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे नकटीला लग्नच नको होतं आणि विघ्न तिच्या शिक्षणावर आलं.

काय झालं म्हणून काकूंनी विचारलं. आई घाईने म्हणाली, काही नाही हो, फुलपाखराचा पंख होता औषधात. काका खुर्चीत सरळ बसले आणि म्हणाले, मुलीला बोलू द्या. मग मी बोलले. ते औषध नव्हतं, नमुना होता. पंख नव्हता. काकूंनी विचारलं, मग कुठला भाग? आता हा प्रश्न विचारायची काही गरज होती का? पण विचारला, आणि मला सवय होती प्रश्नाला उत्तर द्यायची.

"नराचं जननेंद्रिय," मी म्हटलं. "पूर्ण होतं. फार चांगलं निघालं होतं."

दादा पेटीतल्या बाटल्या मोजू लागले. मुलाने पोह्यांची बशी हळूच टीपॉयवर ठेवली. काका उठले, कोटाचं वरचं बटण लावलं आणि आईला म्हणाले, पोहे उत्तम होते. आठवड्याभराने मध्यस्थाकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. आईने दोन दिवस अबोला धरला, तोही माझ्याशी एकटीशी. दादांशी आणि पेटीशी ती नेहमीसारखीच बोलत होती.

कॉलेज उघडलं. मी मॅडमपुढे पंख पसरून टाचलेला, पोट नसलेला पतंग ठेवला आणि घडलं ते सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, मुंग्यांनी खाल्ला, पालीने नेला, वाऱ्याने उडाला, हे सगळं मी ऐकलंय. सासऱ्याने खाल्ला हे पहिल्यांदा ऐकते. त्यांना वाटलं, माझ्या हातून काम बिघडलं आणि मी गोष्ट रचली. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "स्पेसिमेन टूटता है बेटा, मुझसे भी टूटा है. झूठ नहीं चलेगा. झूठे आदमी का लेबल मैं कैसे मानूँ?" मला शपथा घेता आल्या असत्या, पण शपथेने काय सिद्ध होतं? मी घरी आले आणि जेवले नाही. आईलाही शेवटी माझी दया आली, तिने माझ्या आवडीचं वालाचं बिरडं केलं आणि ताटावर बसून स्वतःच रडली.

दादा दुसऱ्या दिवशी न सांगता बदलापूरला गेले. हे मला नंतर कळलं. ज्या घराने आपली मुलगी नाकारली त्या घरी मुलीचा बाप जातो तो सहसा हातापाया पडायला. दादा गेले ते साक्ष मागायला. काकूंनी त्यांना पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही. दादांनी उभ्याउभ्या सांगितलं, माझी मुलगी खोटी ठरतेय, आणि बापाची साक्ष कोण मानणार, गिळलंत तुम्ही. लेलेकाकांनी म्हणे आधी कोटाचं बटण लावलं. मग म्हणाले, स्थळ हा एक विषय आणि साक्ष हा दुसरा. कुठे हजर व्हायचं?

आणि ते हजर झाले. तोच बंद गळ्याचा कोट. मॅडमच्या खोलीत कपाटांच्या रांगेसमोर उभे राहिले, बसायला नकार दिला. स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, राहणार कुळगाव, असं सांगून म्हणाले, "बाई, तो भाग मी गिळला. अजाणता गिळला, पण मीच गिळला."

मॅडमनी अतिशय गंभीरपणे चौकशी केली. चावलंत का? नाही, अखंड गेला. चव? गोड. काही टोचलं? काकांनी विचार केला, आणि म्हणाले, जिभेच्या डाव्या बाजूला, किंचित, दोन ठिकाणी. "दोन?" मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, आकडी दुहेरीच होती. मग त्या जे हसायला लागल्या ते थांबेचनात. चष्मा पुसला, पुन्हा हसल्या, काकांना जबरदस्तीने बसवून चहा मागवला. साक्षीने नमुना परत येत नाही, हे त्यांनी मला निक्षून सांगितलं, ही जात आपण कागदावर आणू शकत नाही, दुसरा नर मिळेपर्यंत तोंड बंद. पण जाताना म्हणाल्या, "सामने रिश्ता बैठा था, और ये लड़की मुँह में स्पेसिमेन ढूँढ रही थी. इसको छोड़ूँ तो मेरे जैसा बेवकूफ कौन?" जागा माझी झाली. मी बाहेर व्हरांड्यात येऊन लेलेकाकांना खरोखरचा नमस्कार केला. त्यांनी तोंड घट्ट मिटून आशीर्वाद दिला.

दुसरा नर मिळायला पुष्कळ वर्षं लागली. तोवर मॅडम निवृत्त झाल्या, माझं लग्न झालं (पत्रिका न बघता), आणि बदलापुरात शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. मिळाला तो बारवी धरणाच्या बाजूला, एका सालीवर बसलेला, भर दुपारी. दुहेरी आकडी तशीच. आता जमाना वेगळा आहे, हल्लीच्या मुली पतंगाच्या एका तंगडीतला डीएनए तपासतात आणि सात पिढ्यांचं नातं सांगतात. परवा एकीने माझ्या त्या शिवमंदिराच्या पतंगाचीही तंगडी तपासली आणि तो बारवीवाल्याचा सख्खा निघाला. पण तेव्हा आकडीवरच सगळं होतं. नवी जात म्हणून आम्ही ती प्रसिद्ध केली. नव्या जातीला कोणाचं नाव द्यावं याची शोधणाऱ्याला मोकळीक असते, फक्त स्वतःचं देऊ नये असा संकेत आहे. मी लेलेकाकांचं दिलं. लॅटिन रीतीने शेवटी एक इकार येतो, म्हणून 'लेलेई'. काकांनी तो कागद चौकटीत घालून कुळगावच्या घरी लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सगळी हकिगत साक्षीसारखी, क्रमाने सांगू लागले. काकू तेवढ्यापुरत्या आत जायच्या.

दादा तेव्हा निवृत्त होऊन बदलापूरला फ्लॅटमध्ये राहायला आले होते. मी तो लेख त्यांना दाखवायला नेला. इंग्रजी होता, त्यांनी चष्मा लावून शब्दन् शब्द वाचला. नावापाशी थांबले नाहीत. थांबले ते तळाच्या एका ओळीपाशी, जिथे मी लिहिलं होतं की पहिल्या नमुन्याचे टोकाचे अवयव अपघाताने नष्ट झाले. त्यांनी ती ओळ बोटाने दाखवली. मला वाटलं, अपघात म्हणून मी त्यांना सांभाळून घेतलं, त्याबद्दल काही बोलतील. चेहऱ्यावर मात्र दुखावल्यासारखं काहीतरी होतं.

"नष्ट कसे झाले?" दादा म्हणाले. "दिले होते मी. आणि उचकी थांबली होती. ते कुठे लिहिलंयस?"

मी हसायला लागले, मग त्यांचा चेहरा बघून थांबले. त्यांनी कागद घडी करून मला परत दिला आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शास्त्रीय लेखात तसलं लिहीत नाहीत, छापणाऱ्यांनी ते काढून टाकलं असतं, हे मी त्यांना तेव्हा समजावून सांगायला हवं होतं, ते राहून गेलं. हे पुस्तक मात्र माझं आहे, इथे मला कोण अडवणार? दादा, उचकी थांबली होती. लगेच थांबली होती आणि पुन्हा लागली नाही.